भाकरी आमची, फडकं त्यांचं

कोरियावर कादंबरी लिहिली म्हणून लोकांनी मला जेवढं शहाणपण शिकवलं, तेवढं बी.एड.च्या वर्गातही कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याच्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित सात महिने ठेवून घेतलं आणि मग फोन केला. आवाज फार गोड. म्हणाले, भाषा छान आहे, अभ्यासही दिसतो, पण मॅडम, तुमच्याकडून आम्हाला वेगळं अपेक्षित होतं. वेगळं म्हणजे काय, ते मी मुद्दाम विचारलं. कळत होतं तरी विचारलं, कारण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. थोडं चाचरत म्हणाले, "म्हणजे तुमचं स्वतःचं. तुमची वस्ती, तुमचे भोग. कोरिया कशाला?"

भोग म्हणे. पुण्यातल्या एखाद्या बाईंनी फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर लिहिलं की तो व्यासंग, आणि जाफराबाद तालुक्यातल्या बाईने कोरियावर लिहिलं की ती वाट चुकली. आम्ही आपल्या जखमा उघड्या करून दाखवायच्या, त्याही यांना झेपतील एवढ्याच. त्या दिवशी फोनच्या नादात तव्यावरची पोळी जळाली आणि ती जळकी पोळी मी हट्टाने खाल्ली. राग आला की मी असला वेडेपणा करते.

खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबला. कोरिया कशाला, याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते द्यायची माझी छाती नव्हती.

मी हायस्कूलला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पुढे, वऱ्हाडच्या हद्दीला लागून. या गावात कोरिया आला तो माझ्या मुलीच्या मोबाईलमधून. तिची बारावीची परीक्षा संपली आणि तिने कोरियन मालिकांचा सपाटा लावला. मी भाजी निवडत बसायचे, ती बघता बघता मला गोष्ट सांगायची. एकदा तिने मालिका मध्येच थांबवली आणि विचारलं, "मम्मी, ह्यांच्यातबी जात होती का गं?" त्या गोष्टीतल्या कसायाला कुणी दारात उभं करत नव्हतं म्हणे. मला उत्तर माहीत नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात कोरिया एका ओळीत आटोपतो, जपानने तो गिळंकृत केला एवढंच. त्या ओळीवर मी वर्षानुवर्षं एका गुणाचा प्रश्न काढत आले होते. पोरीसमोर लाज वाटली.

मग मी शोधायला लागले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकं मिळाली. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, वहीत उतरवून घेतली. पस्तीस वर्षं तिथे जपान्यांचं राज्य होतं. पुढे पुढे तर शाळेत स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा, आणि घराण्याची नावं टाकून जपानी नावं घ्यायची सक्ती. त्याआधी एका मार्च महिन्यात लोक हाताने रंगवलेले झेंडे घेऊन रस्त्यावर आले होते, 'मानसे' म्हणजे चिरायू होवो असं ओरडत, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. लढणारे नदी ओलांडून मांचुरियात जायचे आणि तिथून येऊन ठाण्यांवर हल्ले करायचे. त्यांचा स्वातंत्र्यदिनही पंधरा ऑगस्ट. हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले. आमच्या मराठवाड्याला पंधरा ऑगस्टनंतर आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात काढावे लागले. आमचीही माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात जायची आणि तिथल्या कॅम्पातून येऊन करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जाळायची.

आणि तिथले ते कसाई. बेकजोंग म्हणायचे त्यांना. गावाबाहेर राहायचं, चारचौघांसारखी टोपी घालायची नाही, शेंबड्या पोरापुढेही वाकायचं. कायद्याने सगळे सारखे झाले, तरी सरकारी वहीत त्यांच्या नावासमोर लाल टिंब. हे लोकही स्वातंत्र्य मागत होते, पण जपानी गेल्यावर ते टिंब कोण पुसणार, हा प्रश्न त्यांना आधी पडत होता. मी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. मला माझी आजी आठवली होती.

माझी आजी निजामाविरुद्धच्या लढ्यात होती. हे वाक्य मी आज बिनदिक्कत लिहिते. गावात हेच वाक्य बोललं की लोक हसतात.

तेव्हा आमच्या वस्तीला महारवाडा म्हणायचे. हद्दीपलीकडच्या कॅम्पात वीस-पंचवीस जण असायचे आणि त्यांना रोज भाकरी लागायची. गावातल्या मोठ्या घरावर पोलिसांची नजर होती. तिथे एवढ्या भाकरी भाजल्या असत्या तर धूर दिसला असता. आमच्या वस्तीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. म्हणून ज्वारी मोठ्या घरातून यायची, आणि दळायची आजी, थापायची आजी, भाजायची आजी. माझी आत्या तेव्हा आठ वर्षांची. ती डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन निघायची, वर गोवऱ्या आणि खाली भाकरी. मोठ्या घराच्या मागच्या दाराशी पाटी उतरली की त्या घरच्या आजीबाई भाकरीवर पाणी शिंपडायच्या, आपल्या धुतल्या फडक्यात बांधायच्या, आणि त्यांचा गडी ते गाठोडं हद्दीपलीकडे न्यायचा. कॅम्पातल्या लोकांना वाटायचं, भाकरी मोठ्या घरची. तसं वाटलं नसतं तर त्यातल्या निम्म्यांच्या घशाखाली ती उतरली नसती. देशासाठी जीव द्यायला तयार होते. आमच्या हातचं खायला तयार नव्हते.

आजीच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. बाभळीचा काटा मोडला, बोट चिघळलं आणि शेवटी कापून टाकावं लागलं. तिची एक सवय होती. भाकरी थापून झाली की परातीतून उचलण्याआधी मधोमध एकदा पंजा दाबायची. तीच बाजू तव्यावर खाली जायची आणि ठसा भाजून पक्का व्हायचा. अंगठा, मग रिकामी जागा, मग तीन बोटं. मी सहावीत असताना आजी गेली. तोवर मीही तो ठसा रोज खाल्ला आहे.

शाळेच्या मैदानात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगड आहे. अकरा नावं आहेत. मोठ्या घरच्या आजीबाईंचं आहे, 'भूमिगतांची अन्नपूर्णा' या शब्दांसह. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाड्याच्या मुक्तिदिनी, तिथे झेंडा लागतो, नावं वाचली जातात आणि प्रत्येक नावामागून सगळं मैदान 'अमर राहे' म्हणतं. आत्या दरवर्षी जाते. नवरा लवकर गेल्यामुळे ती माहेरीच राहिली, आता पंच्याऐंशीची आहे. तिचं मागणं इतकंच, की ती आहे तोवर तिच्या मायचं नाव एकदा त्या मैदानात वाचलं जावं. दगडावर कोरा असं तिने कधी म्हटलं नाही. मी आत्याच्या वतीने दोनदा संस्थेकडे अर्ज लिहून दिला, आजीचं पूर्ण नाव घालून, खाली आत्याचा अंगठा घेऊन. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, पुरावा जोडा. कसला पुरावा जोडणार? भाकरी काय दप्तरात ठेवलेली असते?

मग मी हे सरळ का लिहिलं नाही? कारण मोठ्या घरचा नातू आमच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. माझा पगार ज्या सहीने निघायचा ती त्याची सही. बुद्धविहारात मी पोरांना सांगायचे, ताठ मानेने जगा, आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये तेच अध्यक्ष चहा पुढे करायचे तेव्हा मी दोन्ही हातांनी कप घ्यायचे. म्हणून मी आजीला उचललं आणि कोरियात नेऊन ठेवलं.

माझ्या कादंबरीतली बाई बेकजोंग आहे. ती डोंगरातल्या क्रांतिकारकांसाठी भाताचे मुटके वळते. तिचे मुटके एका खानदानी घरात जातात, तिथली बाई ते आपल्या रेशमी फडक्यात बांधते आणि डोंगरात पाठवते. कोरियात प्रत्येक वस्तू चौकोनी फडक्यात बांधायची रीत आहे. ती रीत मला पुस्तकात सापडली त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता. मार्चमधले झेंडे, बदललेली नावं, लाल टिंब, हे सगळं तिथलं. मुटक्यांचा प्रसंग मात्र तिथला नाही. तो आमच्या मागच्या दारातला आहे.

पहिल्या खर्ड्यात त्या बाईचं एक बोट तुटलेलं होतं. मुटक्यावर तिची मूठ उमटते आणि एका ठिकाणी फुगवटा राहतो, असं मी लिहिलं होतं. शेवटच्या खर्ड्यात मी घाबरले. अध्यक्षांनी वाचलं तर? निवृत्तीला वर्ष राहिलंय, पेन्शनचे कागद अडवले तर? मी एका सकाळी बसले आणि त्या बाईला तिचं बोट परत दिलं. दहाही बोटं जागच्या जागी. इतकं सोपं होतं ते. स्वतःची एवढी शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

ते प्रकरण मी आत्याला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मायचं बोट कुठं गेलं?" मी म्हटलं, आत्या, ही कादंबरी आहे, ही बाई वेगळी आहे. तिने पानाची डबी उघडली, चुना लावला, पान तोंडात घातलं, आणि मग बोलली.

"कोरियाच्या बाईला बोट दिलंस, बरं केलंस. मायला नाव कवा देनार?"

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही, जणू चूक तिचीच होती.

मे महिन्यात मी निवृत्त झाले. जुलैमध्ये जालन्यातल्या एका छोट्या प्रकाशकाने कादंबरी काढली. ऑगस्टच्या शेवटी अध्यक्ष स्वतः घरी आले, पुष्पगुच्छ घेऊन. गावची लेक परदेशावर कादंबरी लिहिते हा गावाचा मान आहे म्हणाले, आणि सतरा सप्टेंबरला प्रमुख पाहुणी म्हणून यायचं, एखादं प्रकरण वाचायचं, असा आग्रह केला. मी हो म्हटलं. मी कुठलं प्रकरण वाचणार हे माझ्या मनात तिथल्या तिथे ठरलं होतं.

सकाळी झेंडा लागला. अध्यक्षांनी कागदावरून अकरा नावं वाचली, अकरा वेळा 'अमर राहे' झालं. मांडवात पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. आत्याला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून ती पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर होती, पांढऱ्या पातळात, हातात काठी. मी मुटक्यांचं प्रकरण काढलं आणि वाचायला लागले. खानदानी बाई मुटक्यांवर मीठपाणी शिंपडते, आपलं फडकं बांधते, आणि डोंगरातला जखमी पोरगा मरता मरता त्या फडक्याला कपाळ लावतो. बेकजोंग बाई खाली पायथ्याशी उभी असते आणि तिला त्याच्या मातीलाही जाता येत नाही. वाचताना मध्येच मी वर पाहिलं. सतरंजीवरच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. अध्यक्षांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला होता. खरंच रडत होते ते, नाटक नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोरियातल्या बाईसाठी यांच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि मागच्या दारातल्या बाईसाठी पुरावा जोडायचा.

मग ते अध्यक्षीय भाषणाला उठले. म्हणाले, काय ते क्रूर लोक, एका गरीब बाईचं पुण्य दुसरीच्या पदरात. आपल्या मातीत असं कधी घडलं नाही, आपण सगळे खांद्याला खांदा लावून लढलो. आणि मग, ओघात, आपल्या आजीचं सांगायला लागले. कॅम्पातले म्हातारे पुढे कितीतरी वर्षं घरी यायचे आणि त्या भाकरीची आठवण काढायचे म्हणे. प्रत्येक भाकरीवर पंजाचा ठसा असायचा. अंगठा, मध्ये जागा, आणि तीन बोटं. आजी अंगठ्याशेजारचं बोट दुमडून भाकरी दाबायची, ती गुप्त खूण होती. ठसा असला तर भाकरी आपल्या घरची, नसला तर कुणीतरी विष घालून पाठवलेली. काय ती हुशारी, काय ते धाडस.

टाळ्या पडल्या. एवढी वर्षं जो पुरावा हे आमच्याकडे मागत होते तो यांच्याच घरात होता, यांच्याच तोंडून निघाला, आणि यांना तो आपल्या आजीचा मोठेपणा वाटत होता. आणि मी? मी तेच बोट भीतीपोटी कादंबरीतून काढून टाकलं होतं. उठावं, बोलावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. एकतीस वर्षांची सवय पायांत मुरली होती.

सतरंजीवरून एका बाईचा आवाज आला, "बोट दुमडून भाकर दाबती व्हय कुनी?" दोघी-तिघी हसल्या. तेवढ्यात आत्या उठली.

ती काठी टेकत स्टेजपाशी आली. अध्यक्षांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद द्यायला आली. त्यांनी वाकून माईक तिच्या तोंडापाशी धरला. आत्या त्यांच्याकडे बघत बोलली, हळू, पण कर्ण्यातून सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

"बाबा, तुझ्या आज्जीला धाही बोटं व्हती. बराबर धा. मला कसं ठाव? मी भाकरी घेऊन तुमच्या मागच्या दाराशी येत व्हते. तहान लागली म्हनलं तर त्या वरून पानी वतायच्या, अन् मी खाली वंजळ धरून बसायचे. वर तोंडाकडं बगायची सोय न्हवती. रोज त्यांचे हातच दिसायचे मला. तुम्ही कुनी बघितले नसतील एवढे मी बघितले. ते बोट माझ्या मायला न्हवतं. भाकर तिची व्हती."

मांडवात जी चार-पाच म्हातारी माणसं होती ती खाली बघत होती, आणि त्यावरून मला कळलं की त्यांना हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. माझा सगळ्यात जास्त राग त्या वेळी त्यांच्यावर होता, आजही आहे.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहावं लागतंय आणि लिहिताना माझेच दात आवळले जातायत. त्यांनी आत्याच्या हाताकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "काय नाव होतं त्यांचं?"

दोन अर्ज. दोन्हीत पूर्ण नाव. दोन्हींवर यांचाच शेरा, पुरावा जोडा. यांनी ते वाचलेच नव्हते.

आत्याने नाव सांगितलं. अध्यक्षांनी ते माईकमध्ये घेतलं. मग मी ओरडले, अमर राहे. घसा फाटेस्तोवर ओरडले, प्रमुख पाहुणीला शोभत नाही अशी. सतरंजीवरून बायांचे आवाज आले, आधी आमच्या वस्तीतल्या, मग इतरही. खुर्च्यांवरून थोडे आले, इकडून एक, तिकडून एक. बाकीचे शालेय पोषण आहाराच्या खोलीकडे बघत होते, तिथे चिवडा-जिलेबी मांडून ठेवली होती.

घरी येताना रिक्षात मी आत्याचा हात धरला होता. मला रडू येत होतं आणि वाटत होतं की तीही रडेल, झालं एकदाचं म्हणेल. ती बाहेर कपाशीकडे बघत बसली होती. वस्तीच्या कमानीपाशी आल्यावर बोलली.

"तुला ध्यानात आलं का? अकरा नावं घेतली. बायांच्या नावाम्होरं बाई लावलं, पुरुषांच्या म्होरं राव लावलं. मायचं नुसतं नाव घेतलं. मागच्या दाराशी हाका मारायचे तसं."

मला ध्यानात आलं नव्हतं. मी ओरडण्यात होते.

रिक्षा थांबली. आत्याने काठी आधी खाली टेकवली, मग पाय टेकवला, आणि पातळ झटकत म्हणाली, "पुढल्या साली त्याच्या हातात नावांचा कागद द्यायचा न्हाई. आपनच वाचू."